पहले, बाद में

दौलतगंजात कटारेंच्या फ्लेक्सच्या दुकानात
मी चेहरे साफ करते.
अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी पेनड्राइव्हमधून तिला आणलं.
फाइलचं नाव : जपानी लेडी दोन फायनल.

पहिलं काम नया बाजारातल्या पार्लरचं.
मुळात गोरीच ती, तरी कटारे म्हणाले,
थोडी और.
मग टिकली लावली मी, गळ्यात कुंदनाचा सेट घातला,
आणि जनकगंजातल्या वधू-वर मंडळानं तिला दारावर टांगली.
दोन स्थळं आली म्हणे तिला.
एक जण तर पत्रिका घेऊनच आला होता.

मग नर्सिंग कॉलेज. मग पाण्याचं फिल्टर.
कंपूवर केसगळतीचा दवाखाना.
जानेवारीच्या मेळ्यात, सगळे शेकोटीशी, गजक खात,
आणि ही आइस्क्रीमच्या स्टॉलवर बिनबाह्यांची.
नगरसेवकाच्या वाढदिवसाला
महिलांच्या गर्दीत तिसऱ्या रांगेत, डोक्यावर पदर.
कुणी ओळखलं नाही.

फाइल उघडली की आधी एकच काम :
डावीकडचा वरचा सुळा, रांग मोडून पुढे आलेला,
जणू कुणीतरी हाक मारली म्हणून डोकावलेला.
शेजारचा सरळ दात उचलायचा, त्यावर ठेवायचा,
कड मऊ करायची. बारा सेकंद.
दुरुस्त केलेली प्रत मी कधी जपली नाही.
दर वेळी मूळ फाइल, दर वेळी तो सुळा,
दर वेळी बारा सेकंद.
का, ते कटारेंनी विचारलं नाही, बरं झालं.
(मला बघायला मंडळी यायची तेव्हा
आई आतून खुणावायची, ओठ मिटून हस.)

परवा भाची आली डबा घेऊन.
कौमुदी रात्र रात्र जागून जपानी मालिका बघते.
स्क्रीनकडे पाहून ओरडली, आत्या,
ही तर नात्सुए कुरामोचि!

तर तिला नाव होतं.
एकोणिसाव्या वर्षी डबाबंद चहाची जाहिरात,
आणि तो सुळा देशभर आवडला.
शाळकरी पोरी आरशासमोर
तसंच हसायची तालीम करायच्या.
सात कॅलेंडरं. अकरा सिनेमे.
चौतिसाव्या वर्षी वकिलीणबाईची भूमिका आली.
दिग्दर्शक म्हणाला, या दातानं
कोर्टात कोण विश्वास ठेवेल?
तिनं तो सरळ करून घेतला.
सिनेमा पडला.
लोक म्हणाले, आमची पोर कुठे गेली?

आता पन्नाशीची आहे, सासवा करते.
मुलाखतीत तिला विचारलं, काय चुकलं?
कौमुदीनं अर्थ सांगितला तो असा :
अजूनही जीभ तिथे जाते आणि तिला कुणी सापडत नाही.

त्या रात्री लाइट गेली. इन्व्हर्टरवर मी ती फाइल बघत बसले.
डोकावलेला तो, अजून तिथेच.

सोमवारी डॉक्टर भदौरिया आले, दातांचे.
पडावच्या पुलाशी मोठ्ठा बोर्ड हवा.
डावीकडे पहले, उजवीकडे बाद में,
बाकी मैडम आप समझदार हैं.

मी समजले.
डावीकडे बारा सेकंदांचं काम केलं, स्वच्छ, एकसारखं, सरळ,
त्यावर लिहिलं, पहले.
उजवीकडे फाइल जशी होती तशी.
अकरा वर्षांत पहिल्यांदा
नात्सुए ग्वाल्हेरात पूर्ण तोंडानं हसली,
वीस फूट बाय दहा.

चार दिवस बोर्ड राहिला. पाचव्या दिवशी डॉक्टरांचा फोन.
कटारेंनी माझ्या पगारातून अकराशे कापले
आणि तासभर बोलले.
मी ऐकत होते. जीभ माझ्या सुळ्यावर होती.

शनिवारी डॉक्टरांचा कंपाउंडर पोरगा
व्हिजिटिंग कार्डं न्यायला आला, म्हणाला,
दीदी, एक लडकी आई थी.
पूछ रही थी,
बाद वाला दाँत कितने में लगेगा.